जोडातला बेबनाव

नागपुरी संत्र्याचं झाड एक नसतं, दोन असतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड न्याहाळलं की जोड सापडतो: खाली जंबेरीचा किंवा रंगपूर लाईमचा खुंट, त्यावर भरलेला संत्र्याचा डोळा. पाणी वर जातं, साखर खाली येते, तरी वरच्या पेशी संत्र्याच्याच राहतात आणि खालच्या लिंबाच्याच. असं कलम जमतं हे नवल खरंच, पण ते मोडतं कसं, हे त्याहून विलक्षण आहे.

मोडतं तेही सावकाश. डोळा फुटतो, झाड वाढतं, कधी फळंही धरतं. मग काही वर्षांनी पानं पिवळी पडू लागतात, अनेकदा शिरांपासून. बागायतदार झिंक फवारतो, फेरस फवारतो; फरक पडत नाही. जोडाजवळची साल उचलली तर आत तपकिरी, डिंकाळलेली रेघ खोडाला वेढून बसलेली दिसते. साखर खाली नेणाऱ्या रसवाहिन्या तिथे मेलेल्या असतात. अडकलेल्या साखरेचं पिष्ट होतं, ते पानातच साठतं आणि हरितलवकं बिघडतात. तिकडे मुळं उपाशी. ती नत्र आणि लोह वर पाठवणार कुठून? पान भरल्या ताटाशी बसून पिवळं पडतं.

हा बेबनाव जनुकांतून येतो, पण जवळच्या नात्यात कलम जमेल आणि दूरच्यात मोडेल असा हिशेब इथे चालत नाही. जंबेरी आणि रंगपूर लाईम जवळजवळ भावंडंच: दोन्ही संत्रावर्गीय झाड आणि महाळुंग यांच्या संकरातून आलेली. नागपुरी संत्र्याला दोन्ही चालतात. ब्राझीलच्या ‘पेरा’ मोसंबीला मात्र रंगपूर चालतो, जंबेरी नाही. आईबाप त्याच जातींचे, पण वाटणीत कोणाच्या वाट्याला काय आलं, त्यावर सगळं फिरलं.

आता दूरचं नातं बघा. त्रिपर्णी नारिंग हिवाळ्यात पानं गाळतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला कित्येक वर्षं वेगळ्या प्रजातीत ठेवलं होतं. जपानमधली सत्सुमा संत्री त्याच खुंटावर सुखात वाढतात. लिस्बन लिंबूही त्यावर तगतो. युरेका लिंबू मात्र त्याच खुंटावर बिघडतो, आणि हे दोन लिंबू जनुकीय चाचणीत एकमेकांपासून वेगळे ओळखणंही कठीण!

सगळ्यांत चक्रावून टाकणारी गोष्ट आंबट नारिंगाची. मूळकुजीला दाद देत नाही म्हणून एकोणिसाव्या शतकात अनेक देशांत त्याचा खुंट लोकप्रिय झाला. 1930 च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये त्यावरची मोसंबीची झाडं लाखोंनी वाळू लागली. रोगाचं नाव ट्रिस्टेझा. त्यामागे विषाणू आहे आणि मावा तो पसरवतो, हे 1946 च्या सुमारास सिद्ध झालं. पण गंमत पुढेच आहे. स्वतःच्या मुळांवर उभी असलेली मोसंबी या विषाणूने सहसा मरत नाही. स्वतःच्या मुळांवरचं आंबट नारिंगही सहसा मरत नाही. नारिंगाच्या खुंटावर मोसंबी बांधली की मोसंबीत मुक्कामाला असलेला विषाणू जोडाखाली उतरतो आणि तिथल्या नारिंगाच्या रसवाहिन्या मरतात. हे मरण दोघांपैकी एकाच्याही जनुकसंचात शोधून सापडणार नाही. ते त्या जोडीचं आहे.

विषाणू नसलेल्या बेबनावावर, म्हणजे न जुळणाऱ्या खुंटावरच्या पेरासाठी, ब्राझीलमध्ये एक युक्ती वापरतात. खुंटावर आधी खुंट आणि पेरा या दोघांशीही जुळणाऱ्या तिसऱ्याच जातीचा डोळा बांधतात आणि त्याच्या खोडाचा छोटा तुकडा मधे ठेवून त्यावर पेरा चढवतात. खुंटातलं पाणी, क्षार, संप्रेरकं त्या तुकड्यातून पेरापर्यंत पोचतातच, तरी पानं हिरवी राहतात. म्हणजे वैर रसाशी नव्हतं, स्पर्शाशी होतं: पेशीला पेशी भिडली तरच बिनसतं.

ट्रिस्टेझापुढे ही युक्ती लंगडी पडते. मधे मोसंबीचा तुकडा घातला तरी त्याखाली नारिंगाशी जोड उरतोच, आणि विषाणू तिथवर उतरतो. तिथे खुंटच बदलावा लागला. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बहुतेक बागा मग रंगपूर लाईमवर गेल्या.