गाय गाभण की भाकड? हात घालून तपासणी कशी होते



गाय भरवून आणली. एकवीस दिवस झाले, ती उलटली नाही. झालं, घरात ठरून गेलं की गाय फळली. मग चार-पाच महिने तिच्याकडे त्या नजरेनं कुणी पाहत नाही, आणि एके दिवशी घरातल्या बाईच्या ध्यानात येतं की हिचं पोट काही वाढत नाही.

उलटली नाही म्हणजे गाभण, असं धरून चालू नका. माज रात्रीतून येऊन जातो. म्हशीचा माज तर उन्हाळ्यात मुकाच असतो, ना ओरडणं ना काही. शिवाय काही गाई गाभण असतानाही माजाची लक्षणं दाखवतात. तेव्हा बाहेरच्या लक्षणांवर दोन्हीकडून फसायला होतं.

खात्रीचा, कमी खर्चाचा आणि खेड्यापाड्यात होऊ शकणारा मार्ग एकच. पशुवैद्यकानं शेणाच्या वाटेनं, म्हणजे गुदाशयातून, हात घालून गर्भाशय चाचपून पाहणं. फिरतं सोनोग्राफी यंत्र असेल तर महिनाभरातही कळतं, पण ते प्रत्येक गावात मिळत नाही. हात मात्र मिळतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या नगर जिल्ह्यात, दूधधंदा संकरित गाईवर उभा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली ती याच मातीत. अशी गाय वर्षाला, फार तर तेरा महिन्यांनी व्याली तरच परवडते. तीन माज वाया गेले की ६३ दिवस गेले. रोजच्या चारा-खुराकाचे १५० रुपये धरले तर ९,४५० रुपये गव्हाणीत गेले, आणि पुढचं दूध लांबलं ते वेगळंच.

तपासणी रेतनानंतर ६० ते ९० दिवसांत करून घ्या. हात बसलेला डॉक्टर दीड महिन्यालाही सांगू शकतो, पण घाई करण्यात फायदा नाही. म्हशीलाही दोन महिने होऊ द्या.

डॉक्टर येण्याआधी गाय खोड्यात घाला. खोडा नसेल तर झाडाला किंवा भक्कम खांबाला आखूड बांधून म्होरकी एकानं धरावी. शेपटी एका बाजूला धरायला दुसरा माणूस हवा. बादलीभर स्वच्छ पाणी आणि साबण ठेवा. एक मात्र करा, गाईला मारू नका आणि आरडाओरडा करू नका. बुजलेली गाय कुंथते, आतडं घट्ट आवळते आणि मग हात फिरत नाही. जी बाई रोज धार काढते ती जवळ असली तर गाय शांत राहते, आणि तारखाही तिलाच पाठ असतात.

डॉक्टर खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा घालतात. नखं कापलेली हवीत, अंगठी नको. मोज्याला तेलासारखं वंगण किंवा साबणाचं पाणी लावून बोटं निमुळती करून हात हळूच आत जातो. आधी शेण बाहेर काढलं जातं. गाय पाठ वाकवते, कुंथते, एखादी लाथ झाडते. एवढं होणारच. ती कुंथली की डॉक्टर हात थांबवतात, जोर करत नाहीत. सगळं काम पाच-दहा मिनिटांचं.

आता आत काय हाताला लागतं? गर्भाशय गुदाशयाच्या बरोबर खाली असतं, मध्ये फक्त आतड्याची पातळ भिंत. म्हणजे हात गर्भाशयात जात नाही, वरून चाचपतो. हे नीट समजून घ्या, कारण ‘हात घातला की गर्भ पडतो’ ही भीती इथूनच निघते. गाय रिकामी असेल तर गर्भाशयाची दोन्ही शिंगं सारखी लागतात. दोन महिन्यांची गाभण असेल तर एक शिंग दुसऱ्यापेक्षा जाड आणि पाण्यानं भरल्यासारखं लागतं. आतला गर्भ तेव्हा उंदराएवढा असतो. साधारण चौथ्या महिन्यात वारीच्या गाठी बटणांसारख्या बोटाला लागू लागतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भाशय वजनानं पोटात खाली उतरतं आणि वासरू कधी कधी हाताला लागतच नाही. तरी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीची थरथर अनुभवी बोटांना ओळखू येते.

जाणत्या हातानं तपासलं तर गर्भाला सहसा धोका नाही. धोका आहे तो अर्धवट शिकलेल्या हाताचा. कोवळ्या दिवसांत चिमटून, दाबून पाहणाऱ्याच्या हाती गाय देऊ नका. हौसेखातर दर पंधरा दिवसांनी तपासायलाही लावू नका.

तपासणीनंतर मोज्यावर रक्ताची एखादी रेघ दिसली तर घाबरू नका, आतड्याचं अस्तर नाजूक असतं. पण रक्त वाहत राहिलं, गाय सारखी कुंथत राहिली किंवा चारा सोडला तर डॉक्टरांना लगेच कळवा. १९६२ या नंबरावरही पशुसंवर्धनाची मदत मिळते.

गाय रिकामी निघाली तरी पैसे वाया गेले म्हणू नका. त्याच हाताला अंडाशय लहान पडलंय, त्यावर पाण्याचा फुगा आहे, की गर्भाशयात पू आहे, हेही कळतं. प्रवरा-मुळेच्या पट्ट्यात महिनोन् महिने उसाचं वाढं घातलं जातं. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि गाईच्या अंगी लागू देत नाही. अशा गाईला वाढ्याबरोबर घास आणि रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्या.

आणखी एक. ‘माजावर येण्याचं इंजेक्शन’ तपासल्याशिवाय कुणाकडूनही टोचून घेऊ नका. त्यातली काही औषधं गाभण गाईचा गर्भ पाडतात. ‘गाय उलटत नाही, एक सुई मारा’ म्हणून चांगली तीन महिन्यांची गाभण गाय रिकामी करून घेतल्यावर पश्चात्ताप कुणाकडे करायचा?

बाजाराचंही तसंच. लोणी, काष्टी, घोडेगावच्या बाजारात ‘पाच महिन्यांची गाभण’ हे शब्द फुकट मिळतात. पैसे मोजण्याआधी तपासून घ्या. आणि आपली गाय भाकड म्हणून विकायला काढण्याआधीही तपासा. गाभण गाय भाकडाच्या भावात देऊन आलेला माणूस घरी तोंड उघडत नाही, एवढंच.

गाय गाभड टाकत असेल तर वार, रक्त यांना उघडा हात लावू नका. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात त्याची लस टोचून घ्या.

शेवटी कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, रेतनाची तारीख आणि तपासणीचा निकाल वहीत लिहून ठेवा. गाय सुमारे २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी. १ जानेवारीला भरवलेली गाय ८ ऑक्टोबरच्या, तर म्हैस ७ नोव्हेंबरच्या आसपास विणार. व्यायच्या आधी ६० दिवस कासेला विसावा हवा, म्हणजे त्या गाईचं दूध ९ ऑगस्टपर्यंत आटवलेलं असावं.