सासरी राहण्याचा परवाना

दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियम टर्मिनलवरून १९९९ मध्ये लाहोरची बस सुटू लागली, तेव्हा तिच्याकडे मुत्सद्देगिरीचे प्रतीक म्हणून पाहिले गेले. जुन्या दिल्लीतील अनेक घरांसाठी मात्र ती माहेरी निघालेल्या लेकीची आणि मामाच्या लग्नाला निघालेल्या भाच्यांची गाडी होती. फाळणीत या वस्तीतली कुटुंबे दुभंगली, कराचीत ‘दिल्ली कॉलनी’ वसली, तरी चुलत-मावस घराण्यांतील सोयरिकी थांबल्या नाहीत. १९७६ मध्ये सुरू झालेल्या समझोता एक्स्प्रेसने त्या सोयरिकींचे ओझे दीर्घकाळ वाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये बस आणि रेल्वे दोन्ही बंद पडल्या. आधीच नांदायला आलेल्या मुली इथेच राहिल्या. त्या ज्या कागदाच्या आधारे राहत होत्या तो किती तकलादू आहे, हे एप्रिल २०२५ मध्ये कळले.

पहलगाममध्ये २२ एप्रिलला २६ जणांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने अटारीची तपासणी चौकी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द ठरवले. वैद्यकीय व्हिसाधारकांना दोन दिवस अधिक मिळाले. राजनैतिक व अधिकृत व्हिसा आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे सरकारी भाषेतील ‘एलटीव्ही’, यांना सूट होती. इतक्या भीषण हल्ल्यानंतर कोणत्याही सरकारने असेच कठोर पाऊल उचलले असते आणि त्याबद्दल या लेखात तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या सुटीच्या काठावर उभ्या असलेल्यांविषयी. ज्यांचा अर्ज दाखल आहे पण निर्णय आलेला नाही, किंवा जुना एलटीव्ही संपला असून नूतनीकरण रखडले आहे, त्यांचे काय?

हा प्रश्न त्याच आठवड्यात दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या एका पाकिस्तानी महिलेने एलटीव्हीसाठी अर्ज केला होता, पण तो मंजूर होण्याआधीच देश सोडण्याची वेळ आली. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याखाली काढलेल्या या आदेशामागे राष्ट्रीय सुरक्षेची गंभीर कारणे आहेत, त्याला अपवाद निर्माण करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कायद्याच्या परंपरेशी ती सुसंगतच म्हणावी लागेल. परकीयांना घालवून देण्याचा शासनाचा अधिकार जवळपास निरंकुश आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच हान्स म्युलर प्रकरणात सांगितले होते. परकीयाला जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण असले तरी भारतात स्थायिक होण्याचा हक्क त्यात येत नाही, हे १९९१ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले.

जम्मूत वेगळे घडले. तीन दशकांहून अधिक काळ सासरी राहिलेल्या एका ज्येष्ठ महिलेला नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असतानाच सीमेपलीकडे पाठवण्यात आले. जूनमध्ये तेथील उच्च न्यायालयाने तिला परत आणण्याचा आदेश दिला. तो अपिलात गेला आणि अखेर केंद्राने तिला अभ्यागत व्हिसा देण्याची तयारी दाखवली. ज्या घरात तिने संसार केला, त्या घरी ती आता पाहुणी म्हणून परतणार!

एलटीव्ही हा हक्क नसून अनुग्रह आहे, हे त्याच्या नियमांतूनच दिसते. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेले अल्पसंख्याक, भारतीयाशी विवाह करून येथे राहणाऱ्या पाकिस्तानी किंवा बांगलादेशी स्त्रिया, तिकडे विवाह होऊन वैधव्य वा घटस्फोटामुळे परतलेल्या आणि तिकडे आधार देणारा पुरुष नसलेल्या मूळच्या भारतीय स्त्रिया, आणि अत्यंत करुणास्पद प्रकरणे, एवढ्यांसाठी तो आहे. ‘स्त्रिया’ हा शब्द येथे नीट वाचावा. भारतीय मुलीने पाकिस्तानी पुरुषाशी लग्न केले, तर त्या जावयाला या चौकटीत जागा नाही. पत्नीने पतीच्या घरी जायचे, हे गृहीतक व्हिसाच्या नियमांतही निमूटपणे येऊन बसले आहे. शिवाय पाकिस्तानी नागरिकाचा व्हिसा साऱ्या देशाचा नसतो, ठरावीक ठिकाणांचा असतो.

हीच नववधू फ्रान्सची किंवा ऑस्ट्रेलियाची असती तर? नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे झाल्यावर ती ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करू शकली असती. पाकिस्तान किंवा बांगलादेशची नागरिक असलेल्या, किंवा ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा वा पणजोबा कधी तिथले नागरिक होते अशा व्यक्तीला हे दार बंद आहे. अर्थात ओसीआयही विवाहाच्या खुंटीलाच टांगलेले असते. घटस्फोट झाला की ते रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. पाकिस्तानी पत्नीसमोर उरतो तो नागरिकत्वाचा मार्ग. भारतीयाशी विवाह आणि सात वर्षांचे सर्वसाधारण वास्तव्य, ही त्यासाठीची अट. एलटीव्हीच्या नूतनीकरणात खंड पडला की ही गणतीही अडचणीत येते.

सगळ्यात अवघड दृश्य अटारीवर दिसले. पाकिस्तानात दिलेल्या अनेक मुली अजून भारतीय पारपत्र बाळगून आहेत, त्यांची लेकरे मात्र पाकिस्तानी पारपत्रावर प्रवास करतात. माहेरी आलेल्या अशा काही मातांना सीमेवर सांगण्यात आले, की मुले जाऊ शकतात, तुम्ही नाही. विशेष म्हणजे सप्टेंबर २०१२ मध्ये इस्लामाबादला झालेल्या व्हिसा कराराने सीमापार विवाह केलेल्या जोडीदारांसाठी दोन वर्षांच्या, अनेक फेऱ्यांच्या व्हिसाची सोय केली होती. दोन्ही देशांनी त्या वेळी या कुटुंबांची वेगळी गरज कागदावर मान्य केली होती.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा वाटू नये. नागपूरच्या जरीपटक्यात आणि उल्हासनगरात सिंधी हिंदू कुटुंबे वर्षानुवर्षे एलटीव्हीवर राहत आहेत. त्यांच्यासाठी वाट पुष्कळ सुकर झाली आहे. २०१६ मध्ये केंद्राने अशा अल्पसंख्याकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वतःच्या वास्तव्यापुरते घर घेण्याची मुभा दिली. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या ‘स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्या’बरोबर ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सहा समुदायांच्या निर्वासितांना पारपत्र-व्हिसाच्या अटींतून सूटही मिळाली. छळामुळे आलेल्यांना हे मिळाले ते योग्यच. पण मग विवाहामुळे आलेल्यांसाठी निदान एक निश्चित कार्यपद्धती का नसावी? त्याच कायद्यानुसार वैध व्हिसाशिवाय राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्ज सरकारच्या टेबलावर पडून असेल, तर त्या काळात ती स्त्री नेमकी कोण?

ब्रिटन पत्नी-व्हिसाबाबत उदार देश नव्हे. एप्रिल २०२४ पासून तेथील जोडीदाराची किमान वार्षिक उत्पन्नाची अट २९ हजार पौंडांवर नेली गेली. तरीही नकार मिळाल्यास कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या आधारे लवादाकडे अपील करता येते. आपल्याकडे प्रश्न परकीय पत्नीच्या हक्कांवरच थांबतो. घरात पत्नीसह राहू पाहणाऱ्या भारतीय नागरिकाच्या आणि त्याच्या भारतीय मुलांच्या हिताची मोजदाद त्या फाइलीत कुठेच होत नाही.

सुरक्षेची छाननी सैल करण्याची गरज नाही. ती व्यक्तीनिहाय व्हावी आणि तिला मुदत असावी, एवढेच. वेळेत केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जाची पोच निर्णय होईपर्यंत वास्तव्याचा वैध पुरावा मानता येईल. अल्पवयीन भारतीय मुले असलेल्या मातेला पाठवण्यापूर्वी लेखी कारण आणि आपली बाजू मांडण्याची संधी देता येईल. ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ लिहिता येईल. हे नियम संसदेने केलेले नाहीत, ते गृह मंत्रालयाने आखलेले आहेत. ते बदलायलाही तेवढेच मंत्रालय पुरेसे आहे.