लाल फुलाखालची माळ

लेकीकडे इंग्लंडमध्ये मुक्कामाला होते. जुलै संपत आला होता आणि कुंपणाशी कमरेच्याही वर वाढलेला एक ताटवा लालभडक फुलांनी नुसता पेटला होता. लांबून वाटलं, कर्दळच. जवळ गेले तर पानं तलवारीच्या पात्यासारखी लांब, टोकदार. त्यांवर साडीच्या निऱ्यांसारख्या उभ्या चुण्या. दांडा बाकदार, त्यावर फुलं दोन ओळींत बसलेली, सगळी वर तोंड करून. एका फुलाच्या पाकळ्या बोटानं बाजूला करून पुंकेसर मोजले. तीन निघाले. लिलीच्या फुलात सहा असतात. तीन म्हटले की आयरिसचं कुळ.

हे क्रोकॉस्मिया, आणि या लाल वाणाचं नाव ल्युसिफर. ऐकताच सैतान आठवतो. पण लॅटिनमध्ये ल्युसिफर म्हणजे प्रकाश घेऊन येणारा, पहाटेचा शुक्रतारा. मला तोच अर्थ या फुलाला शोभतो असं वाटतं. नॉरफकमधल्या ब्रेसिंगहॅमला अ‍ॅलन ब्लूम यांच्या रोपवाटिकेत 1966 साली दोन जातींच्या संकरातून हा वाण तयार झाला. वर बघणारी फुलं मॅसोनिओरम या जातीकडून आली. दुसरी जात पॅनिक्युलाटा; चुण्यांची पानं दोघींचीही.

या फुलाचं केशराशी नातं आहे, तेही नावापुरतं नव्हे. काश्मीरमधल्या पांपोरचं केशर याच कुळातलं. क्रोकॉस्मियाची वाळलेली फुलं कोमट पाण्यात टाकली की केशरासारखा वास येतो, म्हणून प्लँशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं केशर आणि गंध या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव ठेवलं. पुण्याच्या फूलबाजारात जुड्यांनी विकला जाणारा ग्लॅडिओलसही याच भावकीतला.

ल्युसिफर इंग्लंडात जन्मला, पण त्याच्या दोन्ही पालक जाती दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या. तिथल्या ड्रॅकन्सबर्गच्या डोंगरउतारांवर पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. अशा ठिकाणी जगायचं तर कोरड्या दिवसांची शिदोरी जमिनीखाली ठेवावी लागते. आपल्या कळलावीचं तरी वेगळं काय आहे? पाऊस पडला की वर यायचं, फुलायचं आणि पुन्हा मातीत गुडूप व्हायचं. लाल रंगालाही कारण आहे. मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना उत्तम दिसतो. पॅनिक्युलाटाच्या लांब नळीसारख्या फुलांवर तिकडचे शिंजीर मध प्यायला येतात. पांगाऱ्यावर झुंबड करणाऱ्या आपल्या शिंजिरांचेच ते भाऊबंद.

पण खरी गंमत मातीखाली आहे. शेजारच्या आजोबांनी त्यांच्याकडचा एक गड्डा मला उपटून दाखवला. माती झटकल्यावर दिसली ती चक्क माळ: एकावर एक बसलेले चपटे कंद, अंगावर तपकिरी जाळीदार साल. दरवर्षी जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा कंद बसतो. जुना मात्र कुजून जात नाही, खाली तसाच राहतो. सगळ्यांत वरचा यंदाचा, त्याखालचा गेल्या वर्षीचा. वर्षं बोटांवर मोजता येत होती. खालच्या जुन्या कंदांवर डोळे निजलेले असतात. माळ अखंड असेपर्यंत ते गप्प असतात. तुटली की जागे होऊन वेगळं रोप धरतात. म्हणजे उपटून टाकायला जावं तर एकाची चार व्हायची.

हे घडलेलंही आहे. ल्युसिफरच्या कितीतरी आधी, 1880 च्या सुमारास, फ्रान्समधल्या नान्सी इथं व्हिक्टर लेमवान यांनी आणखी दोन जातींचा संकर करून नारिंगी फुलांचा माँटब्रेशिया तयार केला. तो घरोघरी गेला. बागेत दाटी झाली की लोक जादा कंद कुंपणापलीकडे टाकत राहिले, आणि आज आयर्लंडच्या पश्चिमेला रस्त्यांच्या कडा ऑगस्टमध्ये मैलोगणती नारिंगी होतात. पर्यटक फोटो काढतात. मूळच्या रानफुलांना मात्र त्या गर्दीत जागा उरत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये माँटब्रेशिया रानात लावणं आता कायद्यानं गुन्हा आहे. बागेत लावायला बंदी नाही. मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो, कारण दोष फुलाचा नाहीच. ज्या चिवटपणामुळे ते बागेत हवंसं वाटतं, तोच चिवटपणा ओढ्याकाठी गेल्यावर नकोसा होतो.

आजोबांनी पाच कंद वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवले, म्हणाले, घेऊन जा तुमच्या देशात. मन फार झालं. पण परवानगी आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय कंद भारतात आणता येत नाहीत, आणि ती माळ पाहिल्यावर आणावेसेही वाटेनात. लेकीच्या अंगणातल्या मोठ्या कुंडीत चार बोटं खोल खड्डे करून पाचही लावले. सांडलेली माती चाळून पाहिली. त्यात बोराएवढा एक कंद सापडला, तोही कुंडीतच टाकला.