पिळाचा हिशेब

फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या प्रत्येक चाकाचा भार एका गोल पोलादी कांबीवर पेललेला असतो. कांबीची जाडी साधारण २२ मिलिमीटर. ती गाडीच्या तळाशी एका आडव्या नळीत बसवलेली असल्यामुळे बाहेरून दिसत नाही. तिच्या आतल्या टोकाला ४० दाते आहेत आणि बाहेरच्या टोकाला ४४. चार दात्यांचा हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. जुनी बीटल एका कुशीवर कलली, तर तिला सरळ उभं करण्याची किल्ली याच फरकात आहे.

आपल्याकडे ‘गाडी बसली’ म्हटलं की मेकॅनिकची नजर आधी पाट्यांकडे जाते. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी, दोघींनाही मागे पाटे. पाटे थकले की त्यांचा बाक उतरतो आणि गाडी त्या बाजूला खाली येते. मग पाटे उतरवायचे, ठोकून पुन्हा बाक आणायचा, नाहीतर एक जादा पाटा घालायचा. बाक किती आणायचा, हे बरंचसं कारागिराच्या नजरेवर. बीटलला पाटे नाहीतच. तिच्यात आहेत टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणाऱ्या कांबी. ही जातही आपल्याला तशी परकी नाही, कारण ॲम्बेसेडरच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बारच होते.

काम साधं आहे. ओला पंचा एका टोकाला घट्ट धरून दुसऱ्या टोकाने पिळावा, तशी ही कांब पिळली जाते. तिचं आतलं टोक नळीच्या मध्यभागी पक्कं अडकवलेलं असतं. बाहेरच्या टोकावर स्प्रिंग प्लेट नावाची पोलादी पट्टी बसते आणि ती मागे चाकापर्यंत जाते. चाक उंचवट्यावर चढलं की पट्टी वर उचलली जाते, कांबीला पीळ बसतो, आणि तो पीळ सुटू पाहतो म्हणून चाक पुन्हा खाली येतं. पाट्यांसारखं एकमेकांवर घासणं नाही, कॉइल स्प्रिंगसारखी उभी जागा अडवणं नाही.

फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये स्टुटगार्टला स्वतःचं डिझाइन कार्यालय थाटलं आणि त्याच वर्षी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. तीच रचना पुढे नाझी राजवटीने मागवलेल्या ‘जनतेच्या गाडी’त आली. कारखान्याची कोनशिला १९३८ मध्ये बसली. पण लगेच युद्ध आलं आणि सामान्य जर्मन माणसाला ही गाडी काही मिळाली नाही. नियमित उत्पादन सुरू झालं ते डिसेंबर १९४५ मध्ये, ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली. शेवटची बीटल जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. मधल्या काळात इंजिनं मोठी झाली, काचा मोठ्या झाल्या, सुपर बीटलला तर १९७०च्या सुमारास पुढे कॉइल स्प्रिंग आल्या. मागचे टॉर्शन बार मात्र शेवटपर्यंत राहिले.

एवढ्या वर्षांत गाडी कलण्याची कारणं काही कमी साठत नाहीत. वर्षानुवर्षं एकटाच चालक एकाच बाजूला बसलेला असतो. रबरी बुश कडक होऊन चिरतात. कुणीतरी पूर्वी काम करताना दाते चुकवून जोडणी केलेली असते. आणि समुद्राकाठच्या दमट हवेत दाराखालचा पोकळ पत्रा सडून बॉडीच वाकडी झालेली असते. हे शेवटचं कारण सगळ्यांत फसवं. गाडी कलली की नाही हे बहुतेक जण मडगार्डच्या कडेपासून मोजतात, आणि मडगार्ड हा तर बोल्टने लावलेला पत्रा. तो पूर्वी ठोकरला गेला असेल किंवा नवा बसवताना वर-खाली झाला असेल, तर माप खोटंच येणार. म्हणून मोजायचं ते चॅसीपासून. त्याआधी सपाट जमीन, चारही टायर एका मापाचे, आणि डाव्या-उजव्या टायरमध्ये सारखी हवा. बीटलला पुढे मागच्यापेक्षा कमी हवा लागते, हेही ध्यानात ठेवायचं.

दुसरी फसगत कोपऱ्याची. पुढचा डावा कोपरा खाली दिसला की दोष तिथेच असं वाटतं. पण गाडी चार पायांवर उभी असते आणि मागचा डावा पाय आखूड झाला, तरी भार सरकून त्याच बाजूचा पुढचा कोपरा दबतो. याची परीक्षा सोपी आहे. मागचा भाग मधोमध, गिअरबॉक्सखालच्या फ्रेमला लाकडी ठोकळा लावून, एकाच जॅकवर तोलून धरायचा. आता मागच्या चाकांचा काही अधिकार उरला नाही. या स्थितीत पुढची बाजू समतल झाली, तर रोग मागे आहे. तरीही कललेली राहिली, तर पुढे.

आणि पुढे असेल, तर जुन्या बीटलमध्ये फिरवायला काही ठेवलेलंच नाही. तिथे दोन आडव्या नळ्या आहेत, प्रत्येकीत पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, आणि तो मध्यभागी स्क्रूने आवळलेला. एकच जुडगा डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना पुरतो. त्यामुळे गाडी पुढून कललीच, तर तुटलेली पट्टी, ढिला झालेला मधला स्क्रू, झिजलेले बुश किंवा अपघातात वाकलेली नळी शोधायची. हौशी मंडळी नळीच्या मध्यावर ॲडजस्टर वेल्ड करून घेतात, पण त्याने दोन्ही बाजू एकदमच वर-खाली होतात. कल त्याने जात नाही.

मागे मात्र दात्यांची ती करामत आहे. आतल्या टोकाला ४० दाते, म्हणजे एक दाता सरकवला की ९ अंश. बाहेर ४४, म्हणजे एक दाता ८ अंश आणि सुमारे १० मिनिटं. कांब आतून एक दाता एका दिशेला फिरवली आणि स्प्रिंग प्लेट बाहेरून एक दाता उलट दिशेला आणली, तर पदरात पडतो फक्त दोघांतला फरक, सुमारे ५० मिनिटं, म्हणजे एका अंशाहूनही कमी. चाकापाशी हा फरक पाव इंचाच्या, साधारण ६ मिलिमीटरच्या आसपास जातो. दोन्ही टोकांना ४०-४० दाते असते, तर सगळ्यांत लहान पाऊल ९ अंशांचं, चाकापाशी सहा सेंटिमीटरचं पडलं असतं. कल काढायला गेलेली गाडी दुसऱ्या कुशीवर झुकली असती. ४० आणि ४४ यांच्या जोडीने एका फेऱ्यात ४४० वेगवेगळ्या जागा मिळतात. एकाच टोकाला ४४० दाते कापायचे, तर प्रत्येक दाता दोन दशांश मिलिमीटरहूनही अरुंद झाला असता आणि गाडीच्या भाराने पहिल्याच खड्ड्यात सोलून निघाला असता. शाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरमध्येही हेच तत्त्व आहे: थोड्याशा वेगळ्या दोन मापांच्या फरकातून लहान माप काढायचं.

प्रत्यक्ष कामाला पाना लावण्याआधी कोनमापक लागतो. आधी चॅसीचा स्वतःचा उतार मोजायचा, कारण घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, चढवलेली गाडी क्वचितच समतल असते. मग भार नसलेल्या स्प्रिंग प्लेटचा कोन घ्यायचा आणि त्यातून चॅसीचा उतार वजा-अधिक करायचा. गाडीच्या सालाप्रमाणे हा कोन वेगळा असतो, म्हणून त्या त्या सालचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी हवं. दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर आले, की किती दाते कुठे सरकवायचे ही नुसती बेरीज-वजाबाकी उरते.

धोका त्या कागदाच्या पुढे आहे. चाक हवेत लटकत असलं, तरी स्प्रिंग प्लेट तळच्या थांब्यावर पीळ खाऊनच टेकलेली असते. तिला थांब्यावरून सोडवताना जॅक आणि साखळी न लावता पहारीने उचकटलं, तर ती ज्या जोराने खाली येते, त्यात हाताचं हाड मोडू शकतं. त्याआधी छिन्नीने प्लेट आणि ॲक्सल यांच्यावर मिळून एक खूण करून ठेवायची. प्लेटची बोल्टची भोकं लांबट असतात, आणि खूण नसेल तर चाक पुढे-मागे सरकून अलाइनमेंट बिघडते.

कांब बाहेर आली की तिच्या टोकावर डावी-उजवीची खूण दिसते. ती बघून बसवायचीच. कारखान्यातच प्रत्येक कांबीला तिच्या कामाच्या दिशेने मर्यादेपलीकडे पिळून सोडलेलं असतं. त्यामुळे तिच्या पृष्ठभागात उलटा ताण मुरतो, आणि रस्त्यावरच्या भाराला तो आतूनच तोंड देतो. डावी कांब उजवीकडे घातली, तर हाच मुरलेला ताण भाराच्या बाजूने उभा राहतो आणि कांब बसते किंवा तुटते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातलीच ही गत. कांबीवरचा रंगही जपायचा. पीळ बसताना सगळ्यांत जास्त ताण पृष्ठभागावर असतो, मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून आतल्या दोषापेक्षा वरचा एक ओरखडा किंवा गंजाचा ठिपका कांबीला अधिक लवकर तोडतो.

जोडणी झाली, गाडी चाकांवर उतरवली, आणि मालक लगेच टेप घेऊन धावतो. जुन्या स्विंग ॲक्सलच्या, म्हणजे चाकासकट वर-खाली झुलणाऱ्या ॲक्सलच्या, बीटलमध्ये हे माप व्यर्थ. जॅकवरून उतरलेली मागची चाकं तळाशी आत मुडपलेली असतात आणि गाडी उगाच उंच दिसते. काही मीटर मागे-पुढे ढकलली की चाकं पसरतात, मग खरी उंची दिसते. याच ॲक्सलमुळे कल हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही: उंची बदलली की चाकाचा तिरपेपणा बदलतो, आणि डाव्या-उजव्या उंचीत फरक असला की दोन टायर दोन तऱ्हेने झिजतात.

राहता राहिला प्रश्न, कुठे थांबायचं. मागच्या दोन बाजूंत १५ मिलिमीटरचा फरक असेल, तर दात्यांची दोन-तीन पावलं तो जवळजवळ मिटवतात. पण ३ मिलिमीटरचा फरक उरला आणि तोही काढायचा हट्ट धरला, तर गाडी तेवढीच दुसरीकडे झुकते. या यंत्राचं लघुत्तम मापच ६ मिलिमीटर आहे. त्याहून बारीक फरक टायरच्या झिजेत, अर्ध्या भरलेल्या पेट्रोलच्या टाकीत किंवा मागच्या सीटखालच्या बॅटरीच्या वजनातही सापडतो. तेवढ्यासाठी कांब पुन्हा उतरवून तिच्यावर नवा ओरखडा पाडण्यापेक्षा, तो फरक तसाच सोडून गाडी रस्त्यावर काढावी.