दार नसलेलं कोठार

टेबलावर लढाया खेळण्याचा एक छंद आहे. बोटाच्या पेराएवढे शिशाचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक, फासे, मोजपट्टी आणि नियमांची पुस्तिका, एवढं त्याचं साहित्य. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम सांगितले होते. पुढे ऐतिहासिक लढाया टेबलावर मांडायची प्रथा पडली. मग सैनिकांबरोबर रस्ते, झाडं आणि घरंही आली. आज बोलायचं आहे ते या घरांविषयी.

पहिला प्रश्न हा की घर केवढं करायचं? २८ मिलिमीटरचा सैनिक खऱ्या माणसाच्या सुमारे ५६ पट लहान असतो. त्या हिशेबाने दहा मीटर लांबीचं घर १८ सेंटिमीटरचं होईल. पण एक किलोमीटरचं रणांगण आपण दोन मीटरच्या टेबलावर मांडलेलं असतं. म्हणजे जमीन ५०० पट लहान झाली. त्या मापाने तेच घर दोन सेंटिमीटरचं व्हायला हवं. सैनिकाहून घर ठेंगणं! उलट १८ सेंटिमीटरचं घर ठेवलं, तर ते ९० मीटर जमीन अडवतं.

आपल्याकडे दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात. त्यात मावळा बुरुजाच्या निम्म्याने उंच असतो आणि कोणी हरकत घेत नाही, कारण तो किल्ला हौसेने पाहायचा असतो. टेबलावरच्या घरासाठी मात्र लढायचं असतं. म्हणून तिथे तडजोड करतात. दार सैनिकाच्या मापाचं, म्हणजे चार सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. घराची लांबी-रुंदी मात्र कमी करतात, खिडक्याही कमी करतात.

मग काय ठेवायचं आणि काय गाळायचं? एक खरं उदाहरण घेऊ. १८ जून १८१५ रोजी, आजच्या बेल्जियममध्ये, वॉटर्लूची लढाई झाली. वेलिंग्टनच्या फळीसमोर, हमरस्त्याला लागून, ‘ला ए सँत’ नावाचा शेतवाडा होता. मेजर बेअरिंग यांच्या हाताखालचे सुमारे ४०० जर्मन सैनिक ब्रिटिशांच्या बाजूने तो राखत होते. आदल्या रात्री धो धो पाऊस होता. गारठलेल्या सैनिकांनी धान्याच्या कोठाराचं दारच फोडून शेकोटीत घातलं. दुसऱ्या दिवशी नेमकी त्याच वाटेवर फ्रेंचांची झुंबड उडाली. कोठाराला आग लागली, तेव्हा अंगणातल्या तळ्याचं पाणी स्वयंपाकाच्या भांड्यांतून नेऊन ती विझवली. गोळ्यांसाठी निरोपावर निरोप गेले, पण गोळ्या आल्या नाहीत. संध्याकाळी वाडा पडला. बेअरिंग यांनी लिहून ठेवलं आहे की शेवटी आपल्यापाशी ४२ जण उरले होते.

या वाड्याची प्रतिकृती करताना खिडकी एखादी कमी झाली तरी चालेल. पण ते तळं हवं, बंदुका रोखायला भिंत हवी आणि कोठाराची वाट उघडी हवी.

प्रत्यक्ष काम घरगुती आहे. भिंतींसाठी जाड पुठ्ठा घ्यावा. दगडी भिंत हवी असेल तर घट्ट फोमची पट्टी घेऊन पेन्सिलीने दाबून सांधे काढावेत. गिलाव्यासाठी फेविकॉलमध्ये बारीक चाळलेली वाळू मिसळून लावावी. कौलांसाठी खाऊच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा पट्ट्या-पट्ट्यांनी कापून खालून वर चिकटवत जावा. छप्पर सुटं ठेवावं, म्हणजे सैनिक आत उभे करता येतात.

रंग देताना एक सावधगिरी हवी. डब्यातला फवारा थेट थर्मोकोल किंवा फोमवर मारू नये. त्यातल्या द्रावणाने ते विरघळतं. आधी ब्रशने गडद तपकिरी जलरंगाचा हात द्यावा. त्यावर मूळ रंग चढवून पातळ काळपट पाणी फिरवावं. ते खाचांत साचून सावली तयार होते. शेवटी ब्रशवर फिका रंग घेऊन तो कापडावर जवळजवळ पुसून टाकावा आणि कडांवरून हलकेच फिरवावा. एवढ्याशा भिंतीवर उजेड-सावली आपोआप उठून दिसत नाही, ती अशी रंगवावी लागते.

कुशल हात कोठाराला सुंदर दारही बसवतील. बिजागऱ्या, कडी, सगळं हुबेहूब. पण त्या दाराने टेबलावरच्या बचाव करणाऱ्याला असा आडोसा मिळेल, जो त्या ४०० जणांना मिळाला नव्हता. मग खेळ दुसऱ्याच कुठल्या लढाईचा होईल. म्हणून पुठ्ठा कापण्याआधी त्या जागी काय घडलं ते वाचावं. निम्मं काम तिथेच होतं.