भांडवल मागताना पाच मिनिटांत काय सांगावे?

गावातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन केली, भागांची रक्कम गोळा झाली, जागाही मिळाली. पण पुढे भांडवलावाचून काम अडले, असे पुष्कळ ठिकाणी आढळून येते. अशा वेळी संचालकांना बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे किंवा खाजगी गुंतवणूकदारांपुढे योजना मांडावी लागते. त्यासाठी बहुधा पाच-दहा मिनिटेच मिळतात. त्यांतील निम्मी कंपनीचा इतिहास व सत्कारसमारंभ यांचे वर्णन करण्यात गेली, तर पैसा कशात घालावयाचा आणि तो परत कसा येणार, हे सांगावयाचे राहून जाते.

तूरडाळीच्या गिरणीचे उदाहरण घ्यावे. सभासद आपली तूर कच्चीच विकतात. एक क्विंटल तुरीपासून सुमारे ७० ते ७५ किलो डाळ मिळते आणि उरलेली चुणी व टरफले जनावरांच्या खाद्यासाठी विकली जातात, असा आरंभ केला की ऐकणाऱ्यास धंदा लगेच उमगतो. त्यापाठोपाठ तुरीचा भाव, डाळीचा भाव, भरडाई, पोती व वाहतूक यांचा खर्च आणि क्विंटलमागे उरणारी रक्कम सांगावी. ही रक्कम संचालकास कागद न पाहता सांगता आली पाहिजे.

येथे एक चूक वारंवार घडते. यंत्रांची किंमत मागितली जाते व मालखरेदीचा पैसा विसरला जातो. तूर बाजारात येते ती मुख्यतः जानेवारीपासून दोन-तीन महिने; डाळ मात्र वर्षभर विकावयाची असते. रोज १० क्विंटल तूर भरडणारी गिरणी २५० दिवस चालवावयाची, तर २,५०० क्विंटल तूर हवी. भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला, तर तिची किंमत १ कोटी ७५ लाख रुपये होते. हंगामात निम्मीच घेतली, तरी ८७ लाख ५० हजार रुपये हाती असावे लागतात. अनुभवी गुंतवणूकदार हे पहिल्यांदा विचारतो.

दुसरा प्रश्न भाव पडला तर काय, हा. तेथे अवास्तव नफा सांगण्याचा मोह आवरावा. सभासदांनी भरलेली रक्कम कोणाच्या तरी घरची बियाण्याची पुंजी असते. फुगविलेल्या आकड्यांवर कर्ज उचलले, तर आधी तीच बुडते.

कायद्यानुसार उत्पादक कंपनीचे भाग उत्पादकांनाच देता येतात. तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदारास भाग घेण्याची विनंती करणे व्यर्थ होय. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्सने २०२२ साली युरोपातील गुंतवणूकदार संस्थांकडून ३१० कोटी रुपये मिळविले, ते काढणीपश्चात कामासाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीत. नव्या, लहान कंपनीस हा मार्ग सहसा झेपत नाही. तिने प्रथम लेखापरीक्षित ताळेबंद घेऊन बँकेकडे जावे, हेच बरे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मांडणी आधी गावातच घड्याळ लावून करवून घ्यावी. बोलणारा एकच असावा. हिशेबाच्या प्रश्नांना हिशेब ठेवणाऱ्यानेच उत्तर द्यावे. ऐकावयास शाळेतील शिक्षकासारखा, धंद्याची माहिती नसलेला माणूस बसवावा. किती रक्कम हवी, कशासाठी हवी व किती वर्षांत फिटेल, हे त्यास आपल्या शब्दांत सांगता आले नाही, तर मांडणी पुन्हा करावी.