आपटे, शांता

आपटे, शांता : (१९१६–२४ फेब्रुवारी १९६४). बोलपटाच्या पहिल्या दशकातील विख्यात मराठी गायिका-अभिनेत्री. जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. लहानपणी त्या गणेशोत्सवातील कार्यक्रमांतून गात. त्यांचे बंधू बाबूराव आपटे यांनी त्यांच्या कलाजीवनास दिशा दिली व पुढे त्यांच्या व्यावसायिक व्यवहाराची बाजूही सांभाळली. १९३२ ते १९३९ हा त्यांचा आरंभीचा कालखंड केवळ एका अभिनेत्रीच्या उत्कर्षाचा नसून, गाणे व अभिनय यांचा चित्रपटात मेळ कसा घालावा आणि पडद्यावरील कलावंताचे निर्मितिसंस्थेशी नाते काय असावे, या दोन्ही प्रश्नांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

आलम आरा (१९३१) व अयोध्येचा राजा (१९३२) यांच्यापासून भारतीय चित्रपट बोलू लागला, तेव्हा गाता येणे ही नटनटीची पहिली पात्रता ठरली. पार्श्वगायनाची पद्धत १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने सुरू केली व ती सर्वत्र रूढ होण्यास आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत अभिनय चालू असतानाच गाणे ध्वनिमुद्रित होई. साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत, ध्वनिग्राहक दृश्यात दिसणार नाही अशा बेताने लपविला जाई आणि एखादा सूर चुकला, तर सारे दृश्य पुन्हा चित्रित करावे लागे. अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्यांत निघत असल्याने तेच प्रसंग दोन भाषांत साकार करावे लागत. ही कसोटी उतरणाऱ्या तरुण स्त्रिया त्या काळी मोजक्याच होत्या. संगीत रंगभूमीवरील स्त्रीभूमिका दीर्घकाळ पुरुषांनीच केल्या होत्या आणि चित्रपटात काम करणे हे मध्यमवर्गीय कुटुंबांत अप्रतिष्ठेचे मानले जाई.

अशा परिस्थितीत भालजी पेंढारकर यांनी दिग्दर्शित केलेल्या श्यामसुंदर (१९३२) या चित्रपटातून शांता आपटे यांनी पदार्पण केले. दादासाहेब तोरणे यांच्या पुण्यातील सरस्वती सिनेटोन या संस्थेची ही निर्मिती होती. तीत शाहू मोडक यांनी कृष्णाची, तर शांता आपटे यांनी राधेची भूमिका केली. मुंबईच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात हा चित्रपट २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. या यशाचे मोठे श्रेय दोन कोवळ्या गायक-नटांच्या गाण्यांना होते.

कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने आपल्या पुण्यातील पहिल्या निर्मितीसाठी, म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित अमृतमंथन (१९३४) या चित्रपटासाठी, त्यांची निवड केली. नायकाच्या बहिणीची सुमित्रेची ही भूमिका तशी दुय्यम होती. परंतु केशवराव भोळे यांच्या संगीत-दिग्दर्शनामुळे त्यांच्या गायनाला निराळे वळण लागले. भोळे यांनी नाट्यमन्वंतराच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकास संगीत देताना प्रसंगाला धरून येणाऱ्या, आटोपशीर व भावानुकूल पदांचा पुरस्कार केला होता. रागविस्तार व तानबाजी यांपेक्षा शब्दोच्चार आणि भाव यांना प्राधान्य देणारी ही दृष्टी ध्वनिग्राहकासमोरील गायनास विशेष अनुकूल ठरली.

या बदलाचे महत्त्व एका समकालीन उदाहरणावरून ध्यानात येते. संगीत रंगभूमीचे सर्वांत लोकप्रिय नट बालगंधर्व यांनी प्रभातच्या धर्मात्मा (१९३५) या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. तथापि हे सहकार्य फार काळ टिकले नाही. श्रोत्यांच्या प्रतिसादाने फुलत जाणारे, ‘वन्स मोअर’ घेणारे रंगभूमीवरील गायन आणि तुकड्यातुकड्यांनी चित्रित होणारे, काही मिनिटांत आटोपणारे चित्रपटगीत यांच्या गरजा भिन्न होत्या. रंगभूमीची सवय अंगी मुरलेली नसणे हे शांता आपटे यांच्या दृष्टीने उलट लाभाचेच ठरले. तोवर पडद्यावरील गाणे बहुधा एका जागी स्थिर राहून म्हटले जाई. त्यांनी मात्र गाताना डोळे, मान व हात यांच्या सहज हालचालींचा वापर केला. त्यामुळे गाणे हा कथेतील विराम न राहता पात्राच्या वागण्याचाच एक भाग वाटू लागला.

अमरज्योति (१९३६) या हिंदी चित्रपटात प्रमुख भूमिका दुर्गा खोटे यांची होती. तथापि मास्तर कृष्णराव यांच्या संगीतामुळे व शांता आपटे यांच्या गायनामुळे नंदिनीची भूमिकाही लोकप्रिय झाली. के. नारायण काळे दिग्दर्शित वहाँ (१९३७) व दामले-फत्तेलाल दिग्दर्शित गोपालकृष्ण (१९३८) हे त्यांचे प्रभातमधील अन्य उल्लेखनीय चित्रपट होत. गोपालकृष्णमध्ये त्यांनी पुन्हा राधेची भूमिका केली. बालकृष्णाच्या भूमिकेत राम मराठे होते.

त्यांच्या कारकीर्दीचा कळस म्हणजे व्ही. शांताराम यांचा कुंकू (१९३७, हिंदी आवृत्ती दुनिया न माने) हा चित्रपट होय. ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर तो आधारलेला होता. मामाने फसवणूक करून प्रौढ विधुराशी लग्न लावून दिलेली तरुणी ते लग्न मनाने मान्य करीत नाही व पतीशी पत्नीच्या नात्याने राहण्यास ठाम नकार देते, हे त्याचे कथासूत्र. पतीची भूमिका केशवराव दाते यांनी केली. मराठी गीते शांताराम आठवले यांची व संगीत केशवराव भोळे यांचे होते. चित्रपटास पार्श्वसंगीत नव्हते. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज यांसारख्या नैसर्गिक ध्वनींचाच त्यात उपयोग केलेला होता. त्यामुळे नायिकेने घरात वावरताना म्हटलेली गाणी हाच या चित्रपटातील संगीताचा आधार ठरला. एका प्रसंगी ती लाँगफेलो या अमेरिकन कवीची ‘ए साम ऑफ लाइफ’ ही कविता मूळ इंग्रजीतून गाते. भोगलेल्या अन्यायाबद्दल रडत न बसता जगण्याचा निर्धार व्यक्त करणाऱ्या नायिकेच्या स्वभावाशी हे गीत सुसंगत होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीशी तिने घेतलेला उघड विरोध, अतिप्रसंग करू पाहणाऱ्या सावत्र मुलाला दिलेला छडीचा मार आणि पतीविषयी अखेरीस वाटू लागलेली करुणा या परस्परभिन्न छटा शांता आपटे यांनी समर्थपणे दाखविल्या. सोशिक पत्नी हाच ज्या काळी पडद्यावरील आदर्श होता, त्या काळी विसाव्या वर्षाच्या आसपास असलेल्या अभिनेत्रीने केलेली ही भूमिका धाडसाची होती. हा चित्रपट व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही दाखविण्यात आला.

मोठ्या निर्मितिसंस्था त्या काळी कलावंतांना मासिक वेतनावर व कराराने बांधून घेत. चित्रपटाला गर्दी खेचणारी नायिकाही कायद्याच्या दृष्टीने संस्थेची नोकरच असे. तिच्या लोकप्रियतेचा आर्थिक लाभ प्रामुख्याने संस्थेला मिळे. वेतन व करारातील अटी यांवरून शांता आपटे आणि प्रभात यांच्यात मतभेद झाले व जुलै १९३९ मध्ये त्यांनी कंपनीच्या प्रवेशद्वाराशी अन्नसत्याग्रह केला. वृत्तपत्रांतून या घटनेचा मोठा गाजावाजा झाला. प्रभातशी असलेला त्यांचा संबंध यानंतर संपला. पाठोपाठ त्यांनी जाऊ मी सिनेमात? (१९४०) हे पुस्तक लिहिले. चित्रपटसृष्टीच्या आकर्षणाने तिकडे वळू पाहणाऱ्यांना सावध करताना या व्यवसायातील भांडवल, श्रम व कलावंताची होणारी झीज यांची चिकित्सा त्यांनी त्यात केली आहे. नटीने स्वतःकडे श्रमिक म्हणून पाहिल्याचे भारतीय चित्रपटविषयक लेखनातील हे एक आरंभीचे उदाहरण होय.

पुढील काळात त्यांनी निरनिराळ्या संस्थांतून कामे केली. सावित्री (१९४१) या तमिळ चित्रपटातील प्रमुख भूमिकेसाठी त्या तमिळ भाषा शिकल्या; त्यात एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाची भूमिका केली होती. अपना घर (१९४२), जमीनदार (१९४२), दुहाई (१९४३) इ. हिंदी चित्रपटांतही त्यांनी भूमिका केल्या. मास्टर विनायक यांच्या सुभद्रा (१९४६) या चित्रपटात त्या गायिका-अभिनेत्री होत्या व त्याच चित्रपटात लता मंगेशकर यांची लहानशी भूमिका होती. पार्श्वगायन सर्वमान्य झाल्यावर अभिनय व गायन ही दोन निराळ्या व्यक्तींची क्षेत्रे बनली आणि गायिका-अभिनेत्रींची परंपरा क्षीण होत गेली. शांता आपटे यांची चित्रपटांतील कामेही उत्तरोत्तर कमी झाली. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

आवाजातील जोमदारपणा, स्पष्ट शब्दोच्चार व अकृत्रिम मुद्राभिनय ही त्यांच्या कलेची वैशिष्ट्ये होत. कुंकूतील नायिकेने घरात जो नकार उच्चारला, तसाच नकार त्यांनी प्रत्यक्ष व्यवसायातही उच्चारला. म्हणूनच त्यांच्या आरंभीच्या सात-आठ वर्षांची कारकीर्द कलेच्या इतिहासाबरोबर सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनाही महत्त्वाची वाटते.